‘खंबीर’ या विशेषणाचे ओझे : दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतील बळ आणि शीण

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी मराठीत जे समीक्षालेखन झाले आहे, त्यात काही विशेषणे इतक्या सातत्याने येतात की त्यांच्याकडे लक्ष जाणेच थांबते. ‘खंबीर’, ‘कणखर’, ‘झुंजार’, ‘सोशिक’ ही त्यांपैकी प्रमुख होत. नायिका खंबीर, तिची आई त्याहून खंबीर, आजी तर केवळ पोलादी, असा एक वंशवृक्षच या लेखनातून उभा राहतो. विशेषणे गौरवाची आहेत आणि ती देणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी शंका नाही. तथापि ज्या संहितांना ती लावली जातात, त्या संहिता या गौरवाशी सर्वस्वी सहमत आहेत काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. स्त्री खंबीर असावी ही अपेक्षा कोणाची, ती पुरी करताना शरीराला आणि मनाला काय मोजावे लागते, आणि त्या हिशेबाची नोंद आत्मकथनात कोठे सापडते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. ‘सोसणे’ या मराठी क्रियापदाला दोन बाजू आहेत. ‘तिने सोसले’ यात सहन करण्याचे कर्तृत्व आहे, तर ‘हे तिला सोसत नाही’ यात देहाची मर्यादा व्यक्त होते. उन्ह सोसत नाही, जागरण सोसत नाही, एखादे अन्न सोसत नाही, असे आपण सहज म्हणतो, आणि तसे म्हणण्यात कोणताही कमीपणा मानीत नाही. परंतु ‘सोशिक’ हे विशेषण त्यातील केवळ पहिली बाजू घेते व दुसरी टाकून देते. सोशिक स्त्रीला काही सोसत नाही असे म्हणण्याची सोय उरत नाही. ‘खंबीर’ या शब्दात खांबाची प्रतिमा ऐकू येते. व्युत्पत्ती काहीही असो, बोलणाऱ्याच्या मनात ती असते. खांबावर छप्पर असते. खांब थकला असे कोणी म्हणत नाही, एक तर तो उभा असतो, नाही तर पडतो. ग्रामीण बोलीत धडाडीच्या बाईला ‘बाप्यासारखी’ म्हणतात. त्या कौतुकातही बाईपण वजा करूनच बळ मोजलेले असते.

दलित साहित्याच्या पहिल्या बहरात आईची जी प्रतिमा घडली, तिच्याशी या विशेषणांचा निकटचा संबंध आहे. वामन निंबाळकर आणि ज्योती लांजेवार या दोघांच्याही ‘आई’ या शीर्षकाच्या कविता प्रसिद्ध आहेत. मोळ्या वाहणारी, खडी फोडणारी, उपाशी राहून लेकरांना घास देणारी आणि तरीही न मोडणारी माता या कवितांनी मराठी काव्यात प्रथमच आणली. घरकुलातील वत्सल, देवघरात दिवा लावणारी आई एवढीच मातृप्रतिमा ज्या काव्यपरंपरेला ठाऊक होती, तिला हा धक्का आवश्यक होता. पण प्रतिमा एकदा स्थिरावली की ती मागण्या करू लागते. बाबूराव बागूल यांच्या ‘आई’ या कथेत याची जाणीव अगदी आरंभीच दिसते, हे लक्षणीय आहे. संशयी नवऱ्याच्या मरणानंतर झोपडपट्टीत मुलाला वाढवणाऱ्या त्या विधवेला स्वतःसाठीही काही हवे असते. शेजाऱ्यांची कुजबुज आणि मुलाचे मन दोन्ही तिच्यावर उलटतात. आईने राबावे हे मुलाला मान्य आहे, तिने काही इच्छावे हे नाही. शाळेत आईचे स्तोत्र ऐकून आलेल्या मुलाच्या डोळ्यांनी ही कथा पाहते, यात बागुलांची दृष्टी दिसते. त्या कथेची चर्चा मात्र बहुधा दारिद्र्याच्या अंगाने झाली.

याच संदर्भात रमाबाई आंबेडकर यांच्या लोकप्रतिमेचा निर्देश करावा लागतो. रमाबाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. त्यांच्या पाच अपत्यांपैकी केवळ यशवंत जगला. पती परदेशी शिकत असता त्यांनी संसार कसा रेटला हे सर्वविश्रुत आहे. ‘रमाई’ या नावाने त्यांच्यावर रचलेली असंख्य गाणी महाराष्ट्रभर गायिली जातात. त्यांत गोवऱ्या थापणारी, पदराला गाठ मारून घर चालवणारी, चकार शब्द न काढणारी त्यागमूर्ती उभी असते. आता १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये बाबासाहेबांनी स्वतः काय लिहिले ते पाहावे. आपण परदेशात असताना पत्नीने डोक्यावरून शेणाच्या पाट्या वाहिल्या, आणि अशा पत्नीसाठी दिवसाच्या चोवीस तासांतून अर्धा तासही आपल्याला देता येत नाही, अशी खंत त्या लेखात आहे. म्हणजे त्या कष्टाचा उल्लेख करताना त्यांच्या मनात ऋणाची जाणीव होती, आणि लेखाच्या शीर्षकातही ‘ऋण’ हाच शब्द आहे. पुढे ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेतही पडत्या काळात आपल्याबरोबर सोसण्याच्या त्यांच्या तयारीचा कृतज्ञ उल्लेख आहे. गीतपरंपरेने त्यागाचा भाग जतन केला आणि ऋणाचा भाग गाळला. एखाद्या व्यक्तीच्या कष्टाविषयी दुसऱ्याला वाटणारी टोचणी आणि त्याच कष्टाचा आदर्श म्हणून इतर स्त्रियांपुढे ठेवला जाणारा पाठ, या दोन गोष्टींत महदंतर आहे. पुढच्या पिढीतील सुना-लेकींच्या वाट्याला मुख्यतः दुसरी गोष्ट आली.

या पार्श्वभूमीवर बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचले पाहिजे. ते ‘स्त्री’ मासिकातून १९८२ च्या सुमारास क्रमशः आले व १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लेखिकेचा जन्म १९२९ मध्ये वीरगावी झाला आणि आयुष्य फलटणला गेले. हे पुस्तक बळाचे गुणगान करीत नाही, ते भूक, बाळंतपण आणि मारहाण यांची नोंद करते. आठ-नऊ वर्षांची सून पहाटेच्या अंधारात उठून दळायला बसते. तिला भाकरी नीट थापता येत नाही, म्हणून सासू शेजारणींना बोलावून त्या भाकरीचे प्रदर्शन मांडते. माहेरी पळालेल्या मुलीला बाप किंवा भाऊ मारझोड करीत परत आणून घालतो आणि मग तिच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवला जातो. त्या खोड्यासह तिने घरचे काम करायचे असते. नवऱ्याने नाक कापल्याचे प्रसंगही लेखिकेने नोंदवले आहेत. बाळंतपणाची वर्णने तर मराठी गद्यात अपूर्व आहेत. अडाणी सुइणींच्या हाती सापडलेली कोवळी पोर, अंगावर धड चिंधी नाही, आणि सुटका झाल्यावर पोटात घालायला काही नाही.

या वर्णनांत कोठेही ‘अशाही स्थितीत ती डगमगली नाही’ हे वाक्य नाही, याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ते समीक्षकांनी पुरवले आहे. उलट कांबळे यांचा गद्याचा सूर असा की, या बायांना डगमगण्याची सवडच नव्हती, आणि सवड नसणे हा गुण नव्हे. ज्या सासवा छळतात, त्याही एके काळी याच खोड्यात राबलेल्या असतात, हे लेखिका स्पष्टपणे दाखवते. आपण सोसले म्हणून पुढचीने सोसले पाहिजे, हा व्यवहार सोशिकतेच्या कौतुकातूनच चालत राहतो. जी बाई स्वतःच्या दुखण्याकडे पाहायला शिकली नाही, तिला सुनेचे दुखणे दिसणे अवघड असते.

आषाढ महिन्याचे प्रकरण येथे विशेष विचारणीय वाटते. महारवाड्यातील देवीचे सण, सारवण, नैवेद्य आणि त्यांत बायांच्या अंगात येणे यांचे विस्तृत वर्णन पुस्तकात आहे. लेखिका आंबेडकरी विचारांची असल्याने तिचा या प्रकाराकडे पाहण्याचा दृष्टिकोन कठोर आहे. हे अज्ञान होते, व्यवस्थेने लादलेले होते, असे ती मानते. त्या निवाड्याशी वाद घालण्याचे कारण नाही. पण तिने केलेले वर्णन तिच्या निवाड्यापेक्षा मोठे आहे. वर्षभर ज्या बाईच्या बोलण्याला घरात किंमत नाही, तिचे केस मोकळे सुटतात, ती घुमते, किंचाळते, मागणी करते, आणि सारा वाडा हात जोडून ऐकतो. मी थकले, मला हे सोसवत नाही, असे स्वतःच्या नावाने म्हणण्याची मुभा नसलेल्या देहाने ते देवीच्या नावाने म्हणावे, असा अर्थ या प्रसंगांतून काढता येतो. हा अर्थ लेखिकेचा नाही, वाचनाचा आहे, हे मान्य करूनही तो टाळता येत नाही. मराठीत मानसिक शिणासाठी स्वतंत्र वैद्यकीय परिभाषा उशिरा आली, परंतु जिवाला घोर लागणे, झुरणीला लागणे, हाय खाणे, कढ येणे असे बोलीतले शब्द मुबलक होते. ते शब्द कोणी वापरायचे, याचा मात्र अलिखित नियम होता. हाय खाल्ली असे बाईविषयी इतरांनी म्हणायचे, आणि तेही बहुधा ती गेल्यावर.

कांबळे यांच्या लेखनाचा इतिहासही याच प्रश्नाशी जोडलेला आहे. त्या किराणा दुकान चालवीत. दुकानात येणाऱ्या जुन्या कागदांवर वाचायची भूक भागवीत, आणि लिहिलेले अनेक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवीत. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराला (२००८) जोडलेल्या मुलाखतीत त्यांनी नवऱ्याच्या संशयाविषयी व मारहाणीविषयी सांगितले आहे. मूळ पुस्तकात हा भाग जवळजवळ नाही. तो का नाही, याचे कारणही त्या देतात : ते सर्वच बायांच्या वाट्याचे होते, आणि आपल्याला समाजाचे जिणे लिहायचे होते. शीर्षकातील ‘आमुचं’ हे सर्वनाम त्या दृष्टीने सार्थ आहे. ते या पुस्तकाचे सामर्थ्य आहे, यात वाद नाही. पण त्याच ‘आमुचं’ने एक ‘माझं’ बावीस वर्षे झाकून ठेवले, हेही नोंदवले पाहिजे. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात या आत्मकथनांना समूहाची साक्ष म्हणून वाचण्याची जी पद्धत रूढ केली, ती फलदायी आहेच. तिची एक मर्यादा एवढीच की, साक्षीदार स्वतःच्या जखमेबद्दल गप्प राहिला तर त्या गप्पपणाचेही वाचन करावे लागते, याचा तिचा उपयोग करणाऱ्या पुढच्या अभ्यासकांना काहीसा विसर पडला.

शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) या पुस्तकाचे शीर्षक याउलट एकवचनी आहे. सोलापूर जिल्ह्यातील महूदची ही मुलगी १९४२ मध्ये शिक्षिका झाली व निवृत्तीनंतर लिहू लागली. नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर तिने घर सोडले हा प्रसंग ती कमालीच्या अलिप्तपणे सांगते. या अलिप्तपणाला ‘संयम’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो संयम असेल, किंवा शाळेची नोकरी, लेकरे आणि पदरचा पगार सांभाळता सांभाळता लागलेली सवयही असेल. १९९० मध्ये मुंबई दूरदर्शनवर या पुस्तकावरून ‘नाजुका’ ही मालिका आली.

कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) अपेक्षेचे स्वरूप निराळे आहे. नागपूरच्या या विदुषीने संस्कृतमध्ये एम. ए. केले. जातीची म्हणून शाळा-समारंभांत झालेले अपमान आणि पुढे विदुषी म्हणून झालेले सत्कार, या दोहोंना तिने एकाच तराजूत घातले आहे. खालच्या जातीची असूनही संस्कृत शिकवते, या आश्चर्यातील ‘असूनही’ तिला बोचतो. नोकरी मिळाली ती आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलल्यावर, हे ती कडवट उपरोधाने सांगते. येथे खंबीरपणाची मागणी प्रशंसेच्या रूपात येते. असामान्य म्हणून ज्याचा गौरव झाला त्याने सामान्य माणसासारखे दुखावले जायचे नसते. पुस्तकाचे शीर्षक स्फोटाचे आहे, पण आतल्या आत होणाऱ्या स्फोटाचे, हे योगायोगाने घडलेले नाही.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) हा सारा प्रश्न प्रथमच उघडपणे हाताळलेला दिसतो. पुस्तकाच्या आरंभी डोंगरातल्या वाड्यांमधून लाकूडफाटा, गवत डोक्यावर घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बायांचे चित्र आहे. या बाया मूक नाहीत. त्या वाटेला शिव्या घालतात, असल्या आडरानात येऊन राहिलेल्या पूर्वजांचा उद्धार करतात, बसतात, खातात, एकमेकींची टिंगल करतात, घरचा मार सांगून हसतात. ओझे खाली ठेवण्याच्या या जागा पवारांनी जितक्या बारकाईने टिपल्या आहेत, तितक्या पूर्वीच्या दलित लेखनात क्वचितच आढळतात. ओझे वाहणारी बाई ही प्रतिमा सर्वांना ठाऊक होती, ते उतरवून चढाला शिव्या देणारी बाई नवी होती.

त्याच पुस्तकात आई आहे. शिक्षक असलेला नवरा मरताना मुलांना शिकव म्हणून सांगून गेला, आणि ती माउली सकाळपासून रात्रीपर्यंत बांबूच्या टोपल्या-सुपे विणीत राहिली. ‘आयदान’ हा शब्द त्या विणकामासाठीचा. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत एकाच वेदनेचा धागा आहे, असे लेखिका सांगते. या नात्याचा उल्लेख करून बहुतेक परीक्षणे तेथेच थांबतात. वस्तुतः लेखिका पुढे जाऊन आईचा कडवटपणा, तिचे मुलींवर खेकसणे, हात चालत असताना मधूनच फुटणारे रडणे हेही लिहिते. आईचे हात थांबत नाहीत याचे कौतुक लेकीला आहे, आणि ते हात थांबू शकत नव्हते याचा संतापही आहे. या दोन भावना एकत्र ठेवण्याचे धैर्य ‘आयदान’ने दाखवले. लेखिकेचा स्वतःचा संसार, एम. ए. करू पाहणाऱ्या बायकोविषयी नवऱ्याची वाढती अढी, तरुण मुलाच्या मृत्यूनंतरची पोकळी, हे सारे तिने झाकले नाही. मीनाक्षी मून यांच्यासह तिने ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींवर उभा असलेला ग्रंथ केला होता. त्यातील अनेक स्त्रियांनी सभा, सत्याग्रह, तुरुंग यांविषयी भरभरून सांगितले. चळवळीतल्या स्त्रियांचे बळ जिने गोळा करून मांडले, तिनेच पुढे त्या बळाखालचा शीण लिहिला, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात हीच चर्चा अधिक सलगपणे झाली आहे. महाराष्ट्राला त्या साहित्याचा परिचय नवा नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांची मुक्ती करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील अभ्यासानंतर निग्रो साहित्याकडे, तेव्हाच्या शब्दात, मराठी लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ मधील दलित पँथरने तर नावच तेथून घेतले. या देवघेवीत पुरुषांचा त्वेष आला, स्त्रियांची तक्रार मात्र आली नाही. मिशेल वॉलेस हिने १९७९ मध्येच कृष्णवर्णीय ‘महास्त्री’ ही एक दंतकथा आहे, आणि तिचा आधार घेऊन त्या स्त्रियांच्या गरजा नाकारल्या जातात, असे प्रतिपादले होते. तिच्यावर स्वसमाजातून कडक टीका झाली. घरचे बाहेर काढल्याचा आरोप मराठी लेखिकांनाही अपरिचित नाही.

पुढे हा विषय साहित्याच्या कक्षेतून आरोग्याच्या अभ्यासात गेला. शेरमन जेम्स यांनी १९८३ मध्ये ‘जॉन हेन्रीवाद’ ही कल्पना मांडली. यंत्राशी स्पर्धा करून जिंकणाऱ्या आणि जिंकताक्षणी कोसळणाऱ्या लोककथेतील पोलादी मजुराचे हे नाव. साधने तुटपुंजी असताना केवळ जिद्दीने परिस्थितीशी झगडत राहणाऱ्यांचा रक्तदाब त्या झगड्यानेच वाढतो, असा त्याचा आशय आहे. १९९२ मध्ये आर्लीन जेरोनिमस यांनी असे दाखवले की, कृष्णवर्णीय स्त्रियांची बाळंतपणे वयाच्या विशीत सुकर होण्याऐवजी किशोरवयाच्या अखेरीपेक्षाही अधिक धोक्याची ठरतात. सततच्या ताणाने देह वयाआधी झिजतो, हे त्यांचे स्पष्टीकरण होते. ऊन-पावसाने दगड-लाकूड झिजावे, त्यावरून त्यांनी या प्रक्रियेला नाव दिले. शेरिल वुड्स-गिस्कोम्बे यांनी २०१० मध्ये स्त्रियांशी केलेल्या गटचर्चांवरून ‘महास्त्री’ होण्याच्या दडपणाची पाच अंगे सांगितली : बळ दाखवण्याचे बंधन, भावना दाबणे, परावलंबी किंवा हळवे होण्यास नकार, साधनांवाचून यशस्वी होण्याचा निर्धार आणि इतरांना मदत करण्याचे कर्तव्य. या भूमिकेचा लाभही त्या स्त्रियांनी सांगितला, कारण तिनेच कुटुंबे टिकली. तोटाही सांगितला : झोप उडणे, स्वतःच्या प्रकृतीची हेळसांड, नात्यांतील ताण. संशोधिकेने लाभाची बाजू वगळली नाही, म्हणून तिचे म्हणणे अधिक विश्वसनीय वाटते.

ही पाच अंगे मराठी आत्मकथनांवर जशीच्या तशी बसवणे मात्र धोक्याचे होईल. अमेरिकेत कणखर कृष्णवर्णीय स्त्रीची प्रतिमा गुलामगिरीतील श्रमातून व गोऱ्या मालकांच्या सोयीतून जन्मली, आणि १९६५ च्या मॉयनिहन अहवालात ती चक्क कुटुंबविघटनाचे कारण म्हणून उभी केली गेली. महाराष्ट्रातील सवर्ण साहित्याने दलित स्त्रीला बळाची प्रतिमा दिलीच नाही. त्याने तिला एक तर पाहिले नाही, किंवा तमाशाच्या फडावर आणि मुरळीच्या वेषात पाहिले. खंबीरपणाची प्रतिमा येथे आतून, चळवळीतून आली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून केलेले भाषण, जुलै १९४२ मधील नागपूरची सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखालची अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद, यांतून स्त्रियांना जो ताठ कणा मिळाला तो खराखुरा होता. म्हणूनच त्याच्याविषयी तक्रार करणे येथे अधिक अवघड झाले. परक्याने लादलेला मुखवटा फेकून देता येतो, परंतु आपल्या माणसांनी मानाने दिलेला शेला खांद्यावरून उतरवताना हात थांबतो.

देहाच्या पातळीवर मात्र दोन्हीकडचे चित्र जुळते. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात भारतातील दलित स्त्रीचे मृत्युसमयीचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीहून १४.६ वर्षांनी कमी असल्याचे नमूद केले. या आकड्यामागे दारिद्र्य, अस्वच्छ पाणी, दवाखान्यांचे अंतर अशी अनेक कारणे आहेत, आणि सारा भार मनावरील ताणावर टाकणे हास्यास्पद ठरेल. पण ज्या समाजात स्त्रीचे अकाली मरण इतके नित्याचे, त्या समाजाच्या साहित्यात तिच्या न थकण्याची स्तुती करताना समीक्षेने थोडे अडखळायला हवे होते.

या चर्चेला दिल्लीच्या परिसरात एक वेगळे वळण मिळते. कौसल्या बैसंत्री यांचा जन्म १९२६ मध्ये नागपूरचा, आईवडील एम्प्रेस मिलचे कामगार. विद्यार्थिदशेत त्या आंबेडकरी विद्यार्थी चळवळीत होत्या. विवाहानंतर त्यांचे आयुष्य दिल्लीत गेले, आणि १९९९ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी ‘दोहरा अभिशाप’ हे आत्मकथन हिंदीत प्रसिद्ध केले. आपली मातृभाषा मराठी असली तरी हिंदीत दलित स्त्रीचे आत्मकथन नाही म्हणून हिंदीत लिहिले, असे त्या सांगतात. मुलगा, भाऊ, नवरा सारेच रागावतील याची त्यांना जाणीव आहे, आणि तरीही त्या लिहितात. आजी, आई आणि लेखिका अशा तीन पिढ्या या पुस्तकात आहेत. सावकार नवऱ्याचा मार सहन न होऊन आजी लेकरांसह घर सोडून पायी नागपूरला येते व इमारतींच्या कामावर पाट्या वाहते. आई गिरणीत राबते, फावल्या वेळी बांगड्या-कुंकू विकते आणि शेजाऱ्यांची कुचेष्टा सोसून मुलींना शिकवते. जाईबाई चौधरी यांच्यासारख्या स्त्रियांचे उदाहरण आणि बाबासाहेबांचे भाषण यांतून तिला ती दिशा मिळालेली असते.

वाचकाची अपेक्षा अशी होते की तिसरी पिढी या बळावर कळस चढवील. प्रत्यक्षात शिकलेली, चळवळीतली ही नात स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान पावलेल्या, सरकारी नोकरीतील नवऱ्याच्या घरात चाळीस वर्षे पैशा-पैशाला मोताद होते. अडाणी आजीने जे लवकर केले ते सुशिक्षित नातीला फार उशिरा, न्यायालयाची पायरी चढून करावे लागले. या विसंगतीचे स्पष्टीकरण लेखिका देत नाही. परंतु संहितेतून एक गोष्ट दिसते : आजीकडून कोणाचीच काही अपेक्षा नव्हती, तिला फक्त जगायचे होते. नातीवर शिकलेल्या आंबेडकरी कुटुंबाची, समाजापुढच्या आदर्शाची अब्रू होती. सोडून जाणे हे आजीला धाडस ठरले असते, नातीला अपयश ठरणार होते.

दिल्ली-गाझियाबादच्या हिंदी वाचकापुढे ‘जिणं आमुचं’चे ‘जीवन हमारा’ हे भाषांतर आणि ‘दोहरा अभिशाप’ ही दोन्ही पुस्तके एकाच फळीवर येतात. त्यांच्या जोडीला, मध्य प्रदेशात जन्मून नागपूरला स्थायिक झालेल्या सुशीला टाकभौरे यांचे ‘शिकंजे का दर्द’ (२०११) येते. सफाई कामगारांच्या समाजातून आलेल्या या लेखिकेचा प्रवास बैसंत्रींच्या नेमका उलट दिशेचा. गाझियाबाद-मेरठच्या पट्ट्यातील वाल्मीकी वस्त्यांना टाकभौरे यांचे जग परके वाटू नये. कोरड्या संडासांची सफाई देशभर प्रामुख्याने स्त्रियांच्याच माथी राहिली, १९९३ आणि २०१३ चे कायदे होऊनही ती एकदम संपली नाही. अशा वाचकाला ‘खंबीर’ हा शब्द भाषांतरात ‘हिम्मतवाली’ किंवा ‘मर्दानी’ म्हणून भेटतो. ‘हिम्मत’ ही प्रसंगापुरती असते, ती एकवटावी लागते, नंतर ओसरते. ‘खंबीर’ला ओसरण्याची मुभा नाही. भाषांतरात थोडे हरवते तसे थोडे सुटतेही, याचे हे एक उदाहरण मानता येईल. ‘सोसणे’चे ‘सहना’ होते, पण ‘सोसत नाही’मधील देहाची ती साधी कुरकुर ‘सहा नहीं जाता’मध्ये एकदम आर्त होऊन बसते. हिंदी-मराठी अशी ये-जा करणाऱ्या अनुवादकांनी या जागा अधिक सावधपणे पाहाव्यात, अशी अपेक्षा करणे वावगे नव्हे.

बैसंत्री यांनी मात्र अनुवादकावर काही सोपवले नाही. हिंदीत ‘नानी’ हा शब्द हाताशी असताना, सावकाराचे घर सोडून लेकरांसह चालत निघालेल्या त्या बाईला त्यांनी संपूर्ण पुस्तकभर ‘आजी’च म्हटले आहे.